संपाची नोटीस, पगारवाढ आणि रिमोटवरची क्रेन: आधी काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उरणकडचा एक तरुण न्हावा-शेव्याच्या एका खासगी कंटेनर टर्मिनलवर आरटीजी क्रेन, म्हणजे यार्डात कंटेनरचे डबे उचलून रचणारी रबरी चाकांची क्रेन, चालवतो. तो टर्मिनलच्या पगारपत्रकावर नाही, कंत्राटदाराच्या आहे. पगाराच्या कराराची मुदत संपली आहे आणि युनियन संपाची नोटीस द्यायच्या बेतात आहे. फार ताणलंत तर यार्डातल्या क्रेन रिमोटवर जातील, असं वरून कानावर घातलं जातंय. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या गोदी कामगारांना ६२ टक्के मिळाले, मग आम्हाला का नाही? मशीन येणारच असेल तर आत्ताच मोठा आकडा पदरात पाडून मोकळं व्हावं का? आणि संपात उतरावं का?

मी मुंबईच्या गोदीत टॅली क्लर्क म्हणून लागलो, पुढे युनियनच्या कचेरीत गेलो. मागणीपत्रं, समेटाच्या बैठका आणि करारांचे मसुदे यांतच माझी बरीचशी हयात गेली. म्हणजे हे उत्तर कामगारांच्या बाजूने बसलेल्या माणसाचं आहे, त्या हिशोबानेच वाचा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न टक्क्यांचा नाही. पगार हा माणसाचा प्रश्न असतो आणि ऑटोमेशन हा जागेचा, म्हणजे ती नोकरी पुढे उरते का याचा. मोठा आकडा घेतला की दोन्ही प्रश्न मिटतील असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. का होत नाही, ते पुढे सांगतो. आधी त्या ६२ टक्क्यांबद्दल.

अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरचे कामगार १ ऑक्टोबर २०२४ला संपावर गेले. त्यांच्या आयएलए या संघटनेचा किनारा बंद पाडणारा असा संप १९७७ नंतर पहिल्यांदाच झाला. तीन दिवसांत पगाराचं जमलं: सहा वर्षांत ६२ टक्के, म्हणजे तासाचा मूळ दर ३९ डॉलरवरून ६३ डॉलरवर. बातम्यांमध्ये गाजला तो एवढाच भाग. पण ऑटोमेशनचा मुद्दा त्या तीन दिवसांत सुटलेला नव्हता. तो बाजूला ठेवून जुना करार १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढवला होता. त्यावर समझोता व्हायला जानेवारी उजाडला, आणि सभासदांच्या मतदानाने करार पक्का झाला तो फेब्रुवारीच्या शेवटी. मुळात त्या वर्षी बोलणी फिसकटली होती तीसुद्धा पगारावरून नव्हे. अलाबामातल्या मोबिल बंदरात एका टर्मिनलने ट्रक आपोआप आत घेणारं गेट बसवलं, आणि हे काम आमच्या माणसांचं आहे म्हणून युनियन टेबलावरून उठली. एका गेटवरून! तिथल्या पुढाऱ्यांची भाषा मला नेहमीच पटते असं नाही, पण कुठे अडून बसायचं हे त्यांना नेमकं कळतं.

आता आपल्याकडे बघा. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या प्रमुख बंदरांतल्या कामगारांचा मागचा करारही २०२४चाच. आधीच्या कराराची मुदत ३१ डिसेंबर २०२१ला संपली होती. बोलणी करणारी द्विपक्षीय समिती मार्च २०२१मध्येच नेमली होती, तरी ती रखडत राहिली. शेवटी कामगार महासंघांनी २८ ऑगस्ट २०२४पासून बेमुदत संपाची नोटीस दिली आणि २७ ऑगस्टला समझोता झाला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता हिशोबात धरून साडेआठ टक्के वाढ, महिना ५०० रुपये खास भत्ता, अंमल १ जानेवारी २०२२पासून पाच वर्षं. त्याआधीच्या २०१८च्या करारात ही वाढ १०.६ टक्के होती.

६२ आणि साडेआठ हे आकडे शेजारी ठेवले की कुणालाही चीड येईल. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. अमेरिकेतल्या कामगाराला आपल्यासारखा दर तिमाहीला हलणारा महागाई भत्ता नाही, त्यामुळे सहा वर्षांची भाववाढ त्या ६२ टक्क्यांच्या पोटातच आहे. चक्रवाढीने काढलं तर ते वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या आत बसतं. आपल्या बंदर कामगाराचे साडेआठ टक्के पाच वर्षांतून एकदाच मिळतात, पण महागाई भत्ता त्याच्याबाहेर, वेगळा चालू राहतो. तरीही त्यांना जास्तच मिळालं, ते मी नाकारत नाही. फक्त सभेत उभं राहून ‘त्यांना ६२, आम्हाला ८’ असं म्हणालात तर समोरचा एचआरवाला हे गणित मांडून तुम्हाला दोन मिनिटांत खाली बसवेल. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा साडेआठ टक्क्यांचा करार तुमचा नाहीच. तो बंदर प्राधिकरणाच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या कायम कामगारांचा आहे, सुमारे वीस हजार माणसांचा. खासगी टर्मिनल आपापले करार वेगळे करतात. कंत्राटदाराच्या माणसाला त्यातलं कितपत लागू होतं हे त्या करारात आणि कंत्राटात काय लिहिलंय त्यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. मग तुमच्या पायाखाली उरतं ते केंद्र सरकारचं किमान वेतन, ज्याचा महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. तुमचा पगार त्याच्या किती वर आहे हे आधी काढा. टेबलावर तुमची सुरुवात तिथून होते, न्यूयॉर्कहून नाही.

आता मशीनची धमकी. ती खरी आहे का? माझं उत्तर: थोडी खरी, पण तुमच्या पगाराशी तिचा संबंध फारसा नाही. रिमोट क्रेन घ्यायची की नाही हे यार्डात जागा किती उरली, येणारी जहाजं केवढी मोठी आणि टर्मिनलच्या सवलत कराराची, म्हणजे बंदराने टर्मिनल चालवायला दिलेल्या मुदतीची, किती वर्षं शिल्लक यावर ठरतं. हे करार साधारण तीस वर्षांचे असतात. हाताशी वीस-पंचवीस वर्षं असतील तर मालक नव्या यंत्रावर पैसा लावेल, सात-आठच उरली असतील तर दहादा विचार करेल. भारतात ऑपरेटरचा पगार टर्मिनलच्या खर्चात इतका मोठा नसतो, की दोन-चार हजार वाचवायला कुणी क्रेन बदलेल. लॉस एंजेलिसच्या टर्मिनलचं गणित वेगळं आहे, तिथे माणूस खरोखर महाग आहे. म्हणून तुम्ही पगार कमी मागितला तर क्रेन येणार नाही, या भ्रमात राहू नका. यायची असेल तर ती तुमच्या पगारासाठी थांबणार नाही.

शिवाय आपल्या बंदरांत माणसं कमी झाली त्यात यंत्रमानवाचा वाटा आजवर नगण्य आहे. जानेवारी २०००मध्ये प्रमुख बंदरांत संप झाला तेव्हा कामगारांचा आकडा एक लाखाच्या घरात सांगितला जायचा. २०१८च्या करारावेळी तो बत्तीस हजारांच्या आसपास आला होता, २०२४मध्ये वीस हजारांवर. या काळात कुठल्याही प्रमुख बंदरात क्रेनवरचा माणूस घाऊक हटवला गेला नाही. भरती थांबली, स्वेच्छानिवृत्ती आली, माल पोत्यांतून कंटेनरात गेला आणि धक्के खासगी चालकांकडे गेले. जेएनपीएचंच, म्हणजे न्हावा-शेवा बंदराचंच बघा. १९८९ला बंदर सुरू झालं तेव्हा सगळं काम बंदराचं होतं, १९९९ला पहिलं खासगी टर्मिनल आलं, आणि २०२२ला बंदराने स्वतःचं कंटेनर टर्मिनलही खासगी कंपन्यांकडे दिलं. आता बंदर प्राधिकरण जमीनमालक आहे, बोटीवरचा एकही डबा ते स्वतः उतरवत नाही. तुम्ही आज कंत्राटदाराकडे आहात ते याच वाटेने. मशीनच्या आधी कंत्राट आलं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

मग ऑटोमेशन येतं तेव्हा नेमकं काय होतं? लोकांच्या डोळ्यांसमोर रिकामं बंदर आणि आपोआप फिरणाऱ्या गाड्या येतात. तसं रॉटरडॅमला १९९३पासून आहे, चीनमध्ये छिंगदाओला २०१७पासून आहे. चालू असलेल्या, खच्चून भरलेल्या यार्डात ते इतक्या सहज बसवता येत नाही. आपल्याकडे येतं ते तुकड्या-तुकड्याने, आणि क्रम बहुधा असा असतो. पहिलं गेट. कॅमेऱ्याची कमान डब्याचा नंबर वाचते, टॅगवरून ट्रक ओळखला जातो, आणि खिडकीत बसलेला माणूस अडचण आली तरच लागतो. मग टॅली: डबा उतरताना वही घेऊन नंबर टिपणारा, म्हणजे एके काळचा मी. मग तुम्ही. धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनचा ऑपरेटर तुमच्यानंतर, कारण जहाज हलत असतं. सगळ्यात शेवटी लॅशिंगवाले, म्हणजे जहाजावर डबे बांधणारे. डब्यांच्या रांगांमध्ये अरुंद जागेत उभं राहून लोखंडी दांडे आणि टर्नबकल आवळणारा माणूस. सगळ्यात जोखमीचं, अंगमेहनतीचं आणि कमी पगाराचं ते काम यंत्राला अजून नीट जमलेलं नाही. गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, पण गोदीत ज्याला सगळ्यांत खालचं समजतात त्याचीच जागा पक्की आहे.

तुमच्या जागेचं बघू. आज तुम्ही वर काचेच्या केबिनमध्ये बसता, मान खाली घालून दोन्ही पायांमधल्या काचेतून स्प्रेडर, म्हणजे डबा पकडणारी चौकट, डब्याच्या चार कोपऱ्यांवर बसवता. पाळी संपेपर्यंत मान आणि कंबर दोन्ही गेलेली असतात. रिमोटमध्ये केबिन रिकामी होते. क्रेन गल्लीतून स्वतः पुढेमागे जाते, डबा स्वतः उचलते, रांगेत स्वतः ठेवते. माणूस लागतो तो ट्रकच्या बाजूला, शेवटच्या हातभर अंतरासाठी, आणि काही अडकलं तर. तो माणूस एसी खोलीत पडद्यासमोर जॉयस्टिक धरून बसतो आणि एका क्रेनची गरज भागली की दुसरीकडे वळतो. समजा यार्डात बारा क्रेन आहेत. केबिनमध्ये माणूस असेल तर तीन पाळ्यांना छत्तीस जण लागतात, रजा-सुट्टीची बदली वेगळी. खोलीतला एक जण चार क्रेन बघू लागला की पाळीला तीन, दिवसाला नऊ. बाकीच्या सत्तावीस जागांचं काय, हा तुमचा ऑटोमेशनचा प्रश्न आहे. आणि त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसणार, हा त्याहून मोठा.

केरळात विळिंजमला हे प्रत्यक्ष झालंय. जुलै २०२४मध्ये तिथे पहिलं मोठं जहाज लागलं, मे २०२५मध्ये बंदराचं रीतसर लोकार्पण झालं. यार्डातल्या क्रेन नियंत्रण कक्षातून चालतात आणि त्या चालवणाऱ्यांत किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांतल्या मुली आहेत. मला ही बातमी फार आवडली होती. पण तिथे बंदरच नवं होतं, जुना ऑपरेटर बाहेर काढायचा प्रश्न नव्हता. तुमच्याकडे तो आहे. आणि नव्या खुर्चीसाठी ‘पदविकाधारक, संगणकाचं ज्ञान आवश्यक’ अशी जाहिरात निघाली की दहा वर्षं क्रेन चालवलेला माणूस अर्जाच्या पायरीवरच गळतो. ही पात्रता कुठल्या सरकारी नियमाने ठरत नाही. एचआरच्या कचेरीत कुणीतरी ती टाइप करतो. म्हणून त्यावर भांडता येतं.

आता मी सुरुवातीला म्हटलेला माणूस आणि जागा यांतला फरक. मुंबईच्या गोदीत १९४८च्या कायद्याने डॉक लेबर बोर्ड आलं. त्याआधी मुकादमाच्या मर्जीवर रोज सकाळी टोळी ठरायची. बोर्डामुळे नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागलं, आणि काम नसलं तरी महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या पगाराची हमी आली. त्याचा पैसा स्टीव्हडोअर, म्हणजे जहाजावरचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, कंपन्यांवरच्या लेव्हीतून यायचा. पी. डिमेलो आणि डॉ. शांती पटेल या गोदी कामगार पुढाऱ्यांच्या पिढीने हे उभं केलं आणि टिकवलं, त्याची किंमत मी कधीच कमी लेखणार नाही. कंटेनर आले तेव्हा या हमीमुळे नोंदणी झालेला माणूस रस्त्यावर आला नाही. १९९४ला बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, माणसं तिथे सामावली, यथावकाश निवृत्त झाली. पण त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हमी माणसाला होती, जागेला नव्हती. बापाला पेन्शन मिळालं आणि मुलगा गोदीच्या फाटकाबाहेर राहिला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६०ला हाच सौदा उघडपणे झाला. हॅरी ब्रिजेस यांच्या युनियनने मालकांना यंत्रं आणायची मोकळीक दिली, आणि बदल्यात २ कोटी ९० लाख डॉलरचा निधी घेतला. त्यातून लवकर निवृत्ती आणि नोंदलेल्या कामगारांना कामावरून न काढण्याची हमी मिळाली. त्या वेळच्या वयस्क कामगाराला सौदा चांगलाच होता. तरुणांना तो पचला नाही, आणि १९७१ला तोच किनारा शंभराहून जास्त दिवस बंद राहिला. पूर्व किनाऱ्यावरच्यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक कंटेनरमागे रॉयल्टी घेतली, आणि अमुक काम आमच्याच सभासदाचं हा हक्क कलमाकलमाने जपला. म्हणूनच ते एका गेटसाठी उठून गेले.

तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रश्नाच्या सुरावरून पन्नाशीचे नसाल. पंचावन्नच्या माणसाने मोठा आकडा घेऊन मोकळं व्हावं, त्यात चूक काही नाही. तुम्ही तिशीतले असाल तर एकरकमी पैशात घराची डागडुजी होईल, फार तर एक गाडी येईल, आणि पुढची पंचवीस वर्षं उघडी राहतील. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. आकडा थोडा कमी चालेल, जागेची कलमं सोडू नका.

कलमं कसली? पहिलं, यंत्र येण्याआधी लेखी माहिती. कामाच्या पद्धतीत असा बदल करायचा की ज्याने माणसं कमी होतील, तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण २१ दिवसांत काय होणार? क्रेनची ऑर्डर वर्ष-दीड वर्ष आधी जाते. तेव्हा करारात लिहून घ्या की ऑर्डर देण्याआधी युनियनला कळवायचं आणि माणसांचं नियोजन तेव्हाच ठरवायचं. दुसरं, नियंत्रण कक्षातल्या खुर्च्यांवर पहिला हक्क आत्ताच्या ऑपरेटरांचा, प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी, आणि एकदा नापास झालं तर दुसरी संधी.

तिसरं कलम लोक विसरतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. क्रेन ऑपरेटरच्या हातात पडणाऱ्या पैशात इन्सेंटिव्ह आणि ओव्हरटाइमचा वाटा मोठा असतो. पाळीला किती डबे हलवले त्यावर ते ठरतं. नियंत्रण कक्षात किंवा दुसऱ्या खात्यात गेल्यावर ‘वेतनाला संरक्षण’ असं करारात असतं, आणि सगळे खूश होतात. पहिल्या पगाराला कळतं की संरक्षण मूळ वेतनाला होतं. इन्सेंटिव्ह शून्य, कारण डबे आता मशीन हलवतं. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी घडलेलं पाहिलंय. मालकाने फसवलं असंही म्हणता येत नाही, कागदात होतं तेच त्याने दिलं. म्हणून शब्द असे हवेत: ‘मागील बारा महिन्यांच्या सरासरी एकूण मिळकतीस संरक्षण’. यात ‘एकूण मिळकत’ हा शब्द सोडायचा नाही. समोरचे तो बदलून ‘वेतन’ करायला बघतील, आणि मसुदा रात्री अकराला टाइप होत असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

शिवाय तारीख. प्रत्येक कलमाला अंमलाची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद. उरणकरांना हे मी काय सांगणार? १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्यातून मान्य झालं, आणि बंदरासाठी जमिनी दिलेल्यांना ते भूखंड मिळायला काही दशकं वाट बघावी लागली. टक्का ठरला म्हणजे वस्तू हातात आली असं नसतं, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

राहिला संप. संपाच्या नोटिशीची ताकद संपापेक्षा जास्त असते, असं मी मानतो, आणि ऑगस्ट २०२४ त्याला साक्षी आहे. साडेतीन वर्षं रखडलेली बोलणी शेवटच्या दिवशी मिटली. जहाज कंपनीला संपाआधीच ठरवावं लागतं की बोट इथे आणायची की गुजरातेतल्या मुंद्रा बंदराला वळवायची. संप सुरू झाल्यावर बोट वळलेली असते, आणि मग दबाव तुमच्यावर येतो. म्हणून नोटीस अशी द्यावी की समोरच्याला ती खरी वाटेल, आणि बोलण्याची फट मात्र उघडी राहील.

कायदा मात्र आता बदललाय. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. नोटिशीनंतर चौदा दिवस थांबायचं, नोटीस साठ दिवसांपुरतीच चालते, समेटाची कारवाई, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढची तडजोडीची बोलणी, चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. बंदरांना हे नवीन नाही, आपण आधीपासून लोकोपयोगी सेवेत मोडत होतो. नवीन आहे ते असं, की निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी कॅज्युअल टाकली तर तोही संपच धरतात. ‘संप नको, सगळे मिळून रजा टाकू’ ही जुनी पळवाट बंद. बेकायदेशीर संपाला कामगाराला एक हजार ते दहा हजार दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि समेट कुठे? प्रमुख बंदराच्या हद्दीतल्या वादाला केंद्र सरकारची यंत्रणा लागू, म्हणजे केंद्रीय कामगार आयुक्तांची कचेरी. राज्याच्या कचेरीत अर्ज देऊन महिना घालवलेले लोक मला माहीत आहेत.

संपात उतरायचं की नाही हे तुमच्या बाबतीत एका गोष्टीवर अवलंबून आहे: टर्मिनलचे कायम कामगार आणि तुम्ही एकाच मागणीपत्रावर आहात का? असाल तर उतरा, मागे राहू नका. कायम कामगार एकटे उतरणार आणि कंत्राटवाल्यांची नावं नुसती गर्दीला असतील, तर आधी लेखी विचारा की समझोत्यात आमचं कुठलं कलम असेल. आणि कंत्राटवाले एकटेच उतरणार असतील तर मी सावध राहायला सांगेन. कंत्राटदाराच्या हातात द्यायला फारसं काही नसतं. टर्मिनल म्हणतं, हे आमचे कामगारच नाहीत. कोर्टाचा भरवसा धरून उतरू नका. वॉटरफ्रंट कामगारांच्याच एका संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ला सांगितलंय की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट नुसतं नावापुरतं होतं हे सिद्ध करता येतं, पण त्यात वर्षं जातात.

कंत्राटातल्या माणसाला यंत्राआधी धोका असतो तो कंत्राट बदलण्याचा. रिमोट क्रेन आणायच्या दिवशी तुम्हाला कुणी कामावरून काढणार नाही. कंत्राटाची मुदत संपेल, नवी निविदा निघेल, तिच्यात पंचेचाळीसऐवजी पंधरा ऑपरेटर लिहिलेले असतील, आणि कुणालाच ‘काढलं’ नसेल. म्हणून तुमच्यासाठी सगळ्यांत वरचं कलम हे: कंत्राटदार बदलला तरी कामगार तेच, नोकरी सलग, आणि माणसं कमी करायची तर ती टर्मिनलशी झालेल्या करारानुसारच. हे कंत्राटदाराकडून लिहून घेऊन उपयोग नाही, ते टर्मिनलच्या निविदेच्या अटीत यायला हवं. कायम कामगारांच्या युनियनने मनावर घेतलं तर हे होतं. त्यांनी का घ्यावं, असं कुणी विचारलं तर त्यांना २००० ते २०२४चे आकडे दाखवा.

थोडक्यात क्रम असा धरा: कंत्राट बदलताना नोकरी सलग, मग खुर्चीवर पहिला हक्क, मग एकूण मिळकतीला संरक्षण, मग टक्के.

पुढच्या सभेला जाताना तीन गोष्टी शोधून न्या. तुमच्या कंत्राटाची मुदत कधी संपते, टर्मिनलच्या सवलत कराराची किती वर्षं उरली आहेत, आणि मागणीपत्रात ‘यांत्रिकीकरण’ किंवा ‘तंत्रज्ञान’ नावाचं कलम आहे का. नसेल तर नोटीस जायच्या आत घालून घ्या. समेट सुरू झाल्यावर नवी मागणी पुढे केली की समोरचा वकील ती मूळ वादात नव्हतीच म्हणून हरकत घेतो, आणि अधिकारी बहुधा ती ऐकतो.